घरचं ऑडिट

‘आई-बाबा, सरत्या २०२५ सालात घरात काय काय झालं ते तुम्ही दोघांनी मिळून लिहून पाठवा ना! आठवण म्हणून जपून ठेवू,’ असं सूनबाईंनी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं आणि पुढे फुलं, हृदयं, टाळ्या असा सगळा बाजार मांडला. मुलीनं टोरांटोहून लगेच अंगठा दिला. चिरंजीवांनी दोन दिवसांनी दिला. त्यांचं सगळं दोन दिवसांनीच असतं.

आता यात ‘दोघांनी मिळून’ हे घालायची काही गरज होती का? लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली. एवढ्या काळात आम्ही दोघांनी मिळून दोन मुलं वाढवली, नागपुरात खामल्याला घर बांधलं, यांच्या आईची दुखणी काढली. पण दोघांनी मिळून एक कागद लिहिला असेल तर शपथ. वाण्याची यादीसुद्धा आमच्याकडे दोन हस्ताक्षरांत असते आणि दुसऱ्या हस्ताक्षरात पहिल्यातलं निम्मं खोडलेलं असतं.

हे सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी हिशेब कार्यालयातून निवृत्त झाले. सगळी हयात ऑडिटमध्ये गेली. मी शाळेत गणित शिकवायची. म्हणजे एकाला दिसेल त्यात आक्षेप काढायची सवय आणि दुसरीला गुण देऊन मोकळं व्हायची. यांनी फुलस्केप कागद घेतला, उभा दुमडला आणि मधोमध घडी पाडली.

‘हे काय करून राहिले?’

‘हाफ मार्जिन. डाव्या बाजूला ऑडिटची हरकत, उजव्या बाजूला खात्याचं उत्तर.’

‘आणि खातं कोण?’

यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

साधन म्हणून यांची डायरी होती. यांची डायरी म्हणजे दुधाचा हिशेब, कमाल-किमान तापमान आणि पेन्शन जमा झाल्याची तारीख. १६ जानेवारीच्या पानावर लाल शाईनं दोनदा अधोरेखित: ‘आठवा वेतन आयोग. मंत्रिमंडळाची मंजुरी.’ त्याच आठवड्यात मुलीनं टोरांटोत घर घेतलं. एवढी मोठी गोष्ट, पोरीनं रडत रडत सांगितलेली. त्याची नोंद अशी: ‘कन्येचा फोन. लांबला.’

‘अहो, घर घेतलं तिनं!’

‘मग? खर्च तिचा. आपल्या पुस्तकात कसा घेणार?’

फेब्रुवारी-मार्चमध्ये लग्नं झाली. आपली नव्हेत, लोकांची. जेवणं बरी होती. पुढे.

खरं वर्ष आमच्याकडे होळीनंतर सुरू होतं, कारण तेव्हा कूलर निघतो. नागपुरात कूलर हे एक स्वतंत्र खातं असतं आणि आमच्या घरी त्याचे मंत्री हे. जिन्याखालून ती पत्र्याची पेटी बाहेर निघाली की पंधरा दिवस घरात दुसरा विषय नाही. तळ गंजलेला असतो, त्याला दरवर्षी डांबराचा हात. त्या वासापुढे माझ्या फोडणीचं काही चालत नाही. मग जुन्या ताट्या सोडवायच्या. त्यातलं गवत खारानं पांढरं पडून इतकं कडक झालेलं असतं की ओढलं की कडकड मोडतं आणि त्याचा भुगा पार देवघरापर्यंत जातो. नव्या वाळ्याच्या ताट्या आणायला हे स्वतः बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात जातात, वास घेऊन निवडतात आणि घरी येऊन मलाही वास घ्यायला लावतात. मी ‘छान’ म्हणते. तेवढं म्हटल्याशिवाय ताटी लागत नाही.

पण खरी कसोटी वरच्या पन्हाळीची. पंपातून चढलेलं पाणी त्या पत्र्याच्या पन्हाळीत येतं आणि तिच्या बारीक बारीक भोकांतून ताटीवर उतरतं. ही भोकं पाण्यातल्या खारानं बुजतात. ती मोकळी करायला यांना माझी विणकामाची सुई लागते. मी दाभण दिलं, खिळा दिला, मागे एकदा खास छत्रीची काडी घासून दिली. नाही. ‘नेमकं माप त्याच सुईचं आहे,’ म्हणतात. नातीचा स्वेटर गेली दोन वर्षं एका बाहीवर अडलेला आहे तो यामुळे. टोरांटोची नात आहे, तिला स्वेटर लागतो हो.

चिरंजीवांनी मागेच एसी पाठवलाय. भिंतीवर बसवलाय, वर माझ्या हातचं भरतकामाचं कापड आहे. एसीला आमच्याकडे पाहुण्यांचा दर्जा. म्हणजे पाहुणे आले तर लावायचा. मेच्या मध्यावर मात्र हे रात्री उठून त्या खोलीत जातात. ‘बिलाचा अंदाज घेतो जरा,’ म्हणतात. सकाळी सातपर्यंत अंदाज घेत घोरत असतात.

यंदा या सगळ्या सिद्धतेवर पाणी पडलं, तेही शब्दशः. नवतपा २५ मेपासून. रोहिणी नक्षत्रातले ते सगळ्यात तापणारे नऊ दिवस म्हणजे नागपूरकराची परीक्षा आणि अभिमान, दोन्ही. आणि यंदा त्याच २५ मेला मान्सून राज्यात दाखल! नागपुरात अजून यायचा होता, पण ढग मात्र पुढे येऊन बसले. रात्री गार वारा. आमचा कूलर नवा डांबर लावून, वाळा माळून खिडकीत उभा आणि हे गॅलरीत. आभाळाकडे अशा नजरेनं बघत होते, की बिल मंजूर झालंय, पैसे गेलेत आणि माल मात्र पोचलाच नाही. कूलर भरायला येणारा पोरगा म्हणाला, ‘काका, यंदा काही तापूनच नाही राह्यलं.’ हे त्याच्यावर डाफरले, जसं काही त्यानंच ढग आणले.

याला एक पार्श्वभूमी आहे. २०२४ च्या ३० मेला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं. छप्पन्न! नागपूरचा खरा उच्चांक २०१३ च्या मे महिन्यातला, ४७.९. नंतर हवामान खात्यानं सेन्सरमध्ये बिघाड होता म्हणून सांगितलं. पण तोवर यांनी हा आकडा पुण्याला, टोरांटोला, नाशिकच्या साडूंना, एवढंच काय, यांच्या जुन्या साहेबांनाही कळवून टाकला होता. ‘आता दुरुस्ती कळवा,’ म्हटलं, तर म्हणाले, ‘पेपरात छापून आलंय. कात्रण आहे माझ्याकडे.’ नाशिककर साडूंच्या डोक्यात आजही आम्ही छप्पन्न डिग्रीत जगलेली माणसं आहोत आणि यांनी ते तसंच राहू दिलंय. फोनवर ‘तुमचं काय बुवा, छत्तीसला पण लोक सरबत पितात,’ असं सहज सोडून देतात.

या परिच्छेदावर हरकत आली आहे. ‘कूलरचा मजकूर प्रमाणाबाहेर. वेतन आयोगास दोन ओळी.’ उत्तर: आयोगाची हवा अजून यायची आहे, कूलरची येते.

जुलैत बुद्धिबळाची साथ आली. २८ जुलैला आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला. वय १९. अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपी, म्हणजे दिव्याच्या जन्माआधीच ग्रँडमास्टर झालेली बाई. टायब्रेकपर्यंत सामना गेला आणि जिंकल्याबरोबर हिलाही ग्रँडमास्टर किताब. मी रडले. हेही रडले, पण यांचं म्हणणं मोतीबिंदूमुळे डोळ्यांतून पाणी येत होतं. दुसऱ्या दिवशी यांनी बर्डीवरून पट आणला. ‘नागपूरच्या पाण्यात आहे,’ हे वाक्य त्या आठवड्यात मी इतक्यांदा ऐकलं की नळाखाली भांडं लावताना दचकायला व्हायचं.

पुण्याची नात आठ वर्षांची. ती क्लासला जाते, म्हणून तिच्याशी ऑनलाइन डाव ठरला. हे इकडे पट मांडून, चष्मा पुसून, हाताची घडी घालून बसत. एकेका चालीला इतका वेळ लावत की पोरगी मध्येच दूध पिऊन, दात घासून, नाइट ड्रेस घालून येई आणि हे अजून घोड्यावर बोट ठेवून. पहिला डाव तिनं घेतला. ‘नेट गेलं मधेच,’ हे म्हणाले. दुसराही तिनं घेतला. ‘या पटावर उजेड नीट पडत नाही.’ तिसऱ्या डावाला पोरगीच म्हणाली, ‘आजोबा, मी वझीर काढून खेळू का?’ हे आठवडाभर जेवताना बोलत नव्हते. पट सध्या कूलरच्या पायाखाली आहे, लेव्हल बरोबर बसली.

पोळ्याला मात्र सगळे पुण्याहून आले आणि घर भरलं. २३ ऑगस्टला तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा, लाकडी बैलांचा. यांच्या लहानपणीचा लाकडी बैल माळ्यावरून काढला, एक शिंग गेलेलं, चाकं करकरणारी. मी त्याला झूल शिवली. नात बैल ओढत सगळ्या गल्लीत बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी मागून आली. एका काकांनी ‘सुट्टे नाहीत गं बाळा,’ म्हणून वाटेला लावायचा बेत केला होता. तिनं शांतपणे विचारलं, ‘मग स्कॅन करता का?’ बापाचा मोबाइल घेऊनच निघाली होती ती.

त्याच सकाळी मारबत. सूनबाई पुण्याच्या, त्यांनी हे कधी पाहिलेलं नाही. काळी आणि पिवळी मारबत म्हणजे मिरवत नेऊन जाळायचे दोन मोठे पुतळे, सव्वाशे वर्षांहून जुनी चाल, पाठोपाठ बडगे, तेही पुतळेच, त्यांच्यावर त्या वर्षाच्या सगळ्या नकोशा गोष्टी लिहिलेल्या आणि इतवारी-महालात पाय ठेवायला जागा नाही. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत!’ एकदा कानात बसलं की आपोआप तोंडात येतं. सूनबाईंनी आधी इकडेतिकडे पाहिलं, मग हळूच, ‘सोमवारची मीटिंग घेऊन जा गे मारबत!’ तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज शेजारच्या ढोलाच्या वर होता. नातीनं गृहपाठ दिला. यांनी टीडीएस दिला. चिरंजीव गप्प उभे. दोन दिवसांनी देतील. मी माझं मनातल्या मनात दिलं. नवरा शेजारी उभा असताना सगळंच मोठ्यानं देता येत नाही.

सप्टेंबरमध्ये यांचा मोतीबिंदू काढला. डॉक्टर चांगले होते. पण नव्या डोळ्यानं यांना पहिल्यांदा काय दिसलं असेल? कोळ्याचं जाळं. स्वयंपाकघरात, वरच्या कोपऱ्यात. वीस वर्षं धूसर दिसत होतं तोच काळ सुखाचा होता.

दिवाळीला आम्ही पुण्याला. दरवर्षी दिवाळीत ट्रॅव्हल्सवाले तिकिटाचं जे करतात ते सांगायला नको, विमानाची चौकशी आम्ही फक्त करमणूक म्हणून करतो. यंदा ऑगस्टपासून अजनी-पुणे वंदे भारत सुरू झाली, म्हणून यांनी तिचंच काढलं. सकाळी दहाच्या आत नागपूरचं अजनी स्टेशन, रात्री दहाच्या आत पुणे. सुमारे ८८० किलोमीटर आणि बारा तास, सगळे बसून. गाडी झकास. खिडकी मोठी, दार आपोआप उघडतं, हे दोनदा उगाच जाऊन उघडून आले. पण सत्तरीच्या गुडघ्याला बारा तास काटकोनात ठेवून बघा. बडनेऱ्यापर्यंत मी कौतुक केलं, अकोल्याला गप्प झाले.

गाडीत जेवण देतात, तरी मी सांबारवड्यांचा, म्हणजे कोथिंबीर भरलेल्या वड्यांचा डबा घेतला होता. सांबारवडी नेली नाही तर पुण्यात आम्हाला घरात घेतील, पण आनंदानं नाही. डबा फक्त वासासाठी जरा उघडला आणि मागच्या सीटवरच्या काकू, ‘तुम्ही नागपूरच्या का हो?’ मी म्हटलं, ‘हो.’ त्या म्हणाल्या, ‘आम्ही पण.’ सगळा डबाच नागपूरचा, पण ओळख अशीच व्हायला लागते. त्यांना दोन वड्या गेल्या, त्यांच्याकडून दोन शंकरपाळे आले. यांची नजर व्यवहारावर होती. ‘वजनात तोटा आहे,’ कानात म्हणाले.

आणि मग शेगाव. शेगाव आलं की गाडी कोणतीही असो, माणूस गजानन महाराजांना हात जोडतो. हे एकदम उठले, डोळे मिटले आणि दोन्ही हात जोडले. समोरचा ट्रे उघडा होता आणि त्यावर गरम टोमॅटो सूप होतं, हे महाराजांना दिसलं असेल, यांना नाही. नवा डोळा मिटलेला होता ना. पुढे मनमाडपर्यंत मी यांचा सदरा खिडकीच्या उन्हात धरून बसले.

पुण्यात काय काय झालं याचा तपशील देत नाही. ग्रुपवर सूनबाई आहेत.

नोव्हेंबर आला की आम्हा पेन्शनरांना आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. हयातीचा दाखला. आता तो घरबसल्या मोबाइलवर होतो, चेहरा दाखवला की झालं, असं चिरंजीवांनी फोनवर समजावलं. झालं. चेहरा यांचा होता.

मोबाइल हातात धरायचा, पडद्यावरच्या गोलात तोंड बसवायचं आणि डोळे मिचकवायचे. यांनी गोलात तोंड बसवलं ते थेट ऑडिटचं तोंड. ओठ आवळलेले, भुवया वर. डोळा तर जागचा हलेना. ‘मिचकवा!’ मी ओरडले. ‘मिचकवतोच आहे.’ ‘अहो, दोन्ही!’ खोलीत उजेड कमी म्हणून गॅलरीत गेलो. आता दृश्य असं की हे गॅलरीत उभे, हातात लांब धरलेला मोबाइल, समोरच्या बिल्डिंगकडे तोंड आणि एकेक करून दोन्ही डोळे जोरजोरात मिचकावताहेत. मागून मी, ‘अजून! अजून एकदा! हसू नका!’ समोरच्या गॅलरीत वहिनी कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी हातातला टॉवेल तसाच बादलीत टाकला आणि आत गेल्या. पुढचे कित्येक दिवस त्या भाजीवाल्यापाशीसुद्धा माझ्याकडे बघेनात. एकदा त्यांच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये धरून मी सगळं नीट सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘हो का,’ आणि पहिल्याच मजल्याला उतरल्या. त्या तिसऱ्यावर राहतात.

तरी अ‍ॅप म्हणतंय, चेहरा जुळत नाही. मी यांच्या आधारकार्डावरचा फोटो काढून बघितला आणि मला मोबाइलची बाजू पटली.

शेवटी एकदाचं जुळलं. हिरवी खूण आली, मेसेज आला, प्रमाणपत्र आलं. हे जिवंत. माझं मात्र पहिल्याच दमात झालं. त्यावर यांनी डाव्या बाजूला लिहिलं: ‘पत्नीचा दाखला विनाविलंब. कारण तपासावे.’

एवढं होऊन दुसऱ्या दिवशी हे इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत! मीही मागे, कारण परत कसे येतात त्याची काळजी. आत सगळा पांढऱ्या केसांचा मेळा, प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स. दीड तासानं नंबर लागला. काउंटरवरच्या पोरानं बघितलं आणि म्हणाला, ‘काका, तुमचं ऑनलाइन होऊन गेलंय की.’

‘हो, पण मशीनचं काय सांगावं? मी समोर आलोय. नीट पाहून घे.’

त्या पोरानं खरंच मान वर करून यांना नीट पाहून घेतलं. वरून खालपर्यंत. ‘पाहिलं काका.’ मग हे समाधानानं निघाले. त्या पोराला मी दहापैकी दहा दिले आहेत. अख्ख्या वर्षात एवढे गुण घरातल्या कोणाला मिळालेले नाहीत. याचीही हरकत आली आहे.

डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन. १९५३ च्या नागपूर करारापासून विदर्भाला हा मान आहे, म्हणून आठवडाभर रस्ते चकाचक आणि सगळे बंद. हे रोज मोर्चे बघायला जातात आणि कोणाची मागणी आकड्यात बसते, कोणाची नाही, ते मला येऊन सांगतात. एकाही मंत्र्यानं अजून यांना विचारलेलं नाही.

आंबिया बहाराची संत्री आली तशी यांनी पेटी पुण्याला पाठवली. प्रत्येक संत्रं हातात तोलून, सैल सालीचं वेगळं, घट्ट सालीचं वेगळं. चिरंजीवांचा मेसेज दोन दिवसांनी आला, ‘छान होती. जरा आंबट होती.’ हे अर्धा तास गप्प. मग म्हणाले, ‘पुण्याला पोचेपर्यंत आंबट झाली असतील.’

हे सगळं फुलस्केपवर उतरून झालं, उजवी बाजू भरली, डाव्या बाजूला हरकतींसाठी मागचं पानही लागलं. सही करायला म्हणून यांच्यापुढे सरकवलं, एवढ्यात सूनबाईंचा फोन. नातीला वाघ बघायचाय. ताडोबाला जायचं ठरतंय.

‘या की! कधी?’ मी म्हटलं.

‘सगळे म्हणतात मे महिन्यात जा, आई. उन्हात पाणवठ्यावर हमखास दिसतो म्हणे. आठ-दहा दिवस राहूच आम्ही. नवतपा का काय म्हणता ना तुम्ही, तेव्हाच.’

फोन स्पीकरवर होता. मी मागे वळून बघितलं तर कागद टेबलावर, पेनाचं टोपण जमिनीवर आणि खुर्ची रिकामी. जिन्याखालून पत्रा ओढल्याचा आवाज येत होता. बाहेर आठ-दहा डिग्रीची थंडी, अंगात स्वेटर, डोक्याला मफलर आणि हे कूलर बाहेर काढून राहिलेत.

‘अगं,’ आतून आवाज आला, ‘तुझी ती सुई कुठाय?’